साथीला गिटार

१९६९ साली लंडनमध्ये ‘हम दोनो’ नावाची एक एलपी निघाली. देव आनंदच्या ‘हम दोनो’ला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि जयदेव यांनी बांधलेली त्यातली गाणी आपल्याकडे लोकांना तोंडपाठ होती. या एलपीत त्यातलं काहीच नाही. आवरणावर दोन नावं आहेत: जो हॅरियट आणि अमान्सिओ डिसिल्वा. हॅरियट जमैकाचा, आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. डिसिल्वा मुंबईत जन्मलेला, गोव्याच्या घरातला, गिटारवाला. इंग्लंडमधल्या आधुनिक जॅझचा इतिहास लिहिणारे ही एलपी आज मानाने पुढे काढून ठेवतात. मुंबईच्या संगीताबद्दल लिहिणाऱ्यांच्या पानांत मात्र ती क्वचितच सापडते. मला त्याचं फारसं नवल वाटत नाही. ज्यांच्या जिवावर मुंबईचं गाणंबजावणं उभं राहिलं, त्यांची नावं लिहून ठेवायची सवय आपल्याला कधी नव्हतीच.

ही माणसं आली कुठून, ते आधी पाहावं लागतं. पोर्तुगीजांच्या गोव्यात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असायची. मुलांना तिथे अक्षरांबरोबर सोल्फेज शिकवत, म्हणजे कागदावरचे सूर पाहून गायला आणि वाजवायला. बहुतेकांच्या हातात व्हायोलिन यायचं, कुणाच्या ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट. शिक्षण पक्कं, पण गोव्यात त्यावर पोट भरण्यासारखं काम नाही. मग मुंबई. धोबीतलाव, माझगाव, गिरगावच्या बाजूला गावागावांच्या कुडी होत्या. थोड्या भाड्यात खाट आणि पेटी ठेवायला जागा मिळायची. तिथून ही पोरं पलटणीच्या बँडमध्ये, संस्थानिकांच्या पदरी, मूकपटांच्या थिएटरात पडद्यासमोरच्या खड्ड्यात आणि उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणच्या हॉटेलांत कामाला जात. कलकत्त्याकडे निघालेल्या वादकांची गाडी जळगाव–भुसावळवरूनच जायची. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन घरं होती, त्यामुळे असला वाद्यवृंद म्हणजे काय हे खानदेशातल्या निदान त्या एका गावाला तरी ठाऊक होतं.

१९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवाल्याचा बँड आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाला टेडी वेदरफर्ड. गोव्याच्या पोरांना कागदावरचं सगळं येत होतं. कागदावर नसलेलं कसं वाजवायचं ते त्यांना या लोकांच्या शेजारी बसून कळलं. त्यातून अल्दोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ तयार झाला. ‘चिक चॉकलेट’ म्हणून तो गाजला आणि हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणवून घेऊ लागला.

मग मुंबईत दारूबंदी आली. मोरारजीभाईंच्या या कायद्याचे सामाजिक फायदे-तोटे काहीही असोत, हॉटेलांतल्या बँडवाल्यांचं त्याने कंबरडं मोडलं. नाचायला येणारा माणूस लिंबू सरबतावर किती वेळ बसणार? क्लब पुरते बंद पडले नाहीत. चर्चगेटच्या रस्त्यावर साठीच्या दशकातही जॅझ ऐकू यायचं. पण पगारावर घर चालेना. त्याच सुमारास सिनेमाच्या संगीताला मोठा वाद्यवृंद हवासा झाला आणि सकाळी स्टुडिओ, रात्री क्लब अशी दुहेरी हजेरी सुरू झाली.

याला सगळ्यात मोकळेपणाने दार उघडलं ते पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी. त्यांचा कान नाटकी पदांवर आणि लावणीवर पोसलेला, पण चिक चॉकलेटचं ट्रम्पेट त्यांना असं काही भावलं की १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी त्याचा अख्खा बँड पडद्यावर उभा केला. हा मान दुर्मीळ होता. एरवी अंधारातला कारभार. शंकर-जयकिशनच्या वाद्यवृंदाचे कागद सबॅस्टियन डिसोझा लिहायचे. सुरावटीखाली व्हायोलिनचे थर कुठे चढायचे आणि बासरीने कुठे उत्तर द्यायचं हे त्यांच्या हातून ठरे. पडद्यावर नाव आलंच तर साहाय्यक म्हणून, आणि वाजवणाऱ्यांचं तेवढंही नाही. ॲन्थनी गोन्साल्विस यांचं उदाहरण तर सगळ्यात मासलेवाईक. माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले आणि १९७७ साली ‘अमर अकबर ॲन्थनी’मध्ये गुरूचं नाव गाण्यात गुंफलं गेलं. ते नाव देशातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं. त्या नावाचा एक खराखुरा वादक तेव्हा हयात होता, हे मात्र हजारांत एखाद्याला माहीत असेल.

आता खानदेशातल्या जामनेरसारख्या गावात हे कसं पोचत होतं तेही पाहू. जामनेर मेन लाइनवर नाही. पाचोऱ्याहून नॅरोगेजची छोटी गाडी धरायची. पण रेडिओला रूळ लागत नाहीत. १९५२ साली नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आलं. केसकर शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी, त्यामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी आक्रसत गेली आणि लोकांनी सरळ काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली तीही त्याच साली. गाण्याआधी गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव. सुरुवातीच्या चार मात्रांत मन खेचून घेणारा गिटारचा तुकडा कुणाचा, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आपल्याकडच्या लग्नात बँड कंपनीचं नाव गाडीवर दिव्यांनी लिहिलेलं असतं आणि क्लॅरिनेटवाला कोण हे नवरदेवाच्या बापालाही ठाऊक नसतं, तसंच हे. फरक एवढाच की या क्लॅरिनेटवाल्याला आख्खा देश ऐकत होता.

गिटारची गोष्ट त्यातही वेगळी. जुन्या नाचाच्या बँडमध्ये गिटार म्हणजे तालाचं वाद्य. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत ते ऐकू येण्यापेक्षा जाणवायचं जास्त. वीज आली आणि चित्र पालटलं. १९३९ साली बेनी गुडमनच्या बँडमध्ये चार्ली क्रिश्चन हा कृष्णवर्णीय तरुण ॲम्प्लिफायर लावून बसला आणि गिटारने सॅक्सोफोनसारखी लांब, एकेरी सुरांची वाक्यं बोलायला सुरुवात केली. तीनच वर्षांत, पंचविशीत, क्षयाने तो गेला. त्याची गादी पुढे ज्यांनी चालवली त्यांत वेस माँटगोमरी थोर. नखीऐवजी अंगठ्याने वाजवणारा, त्यामुळे त्याचा सूर रेशमासारखा. मुंबईत ही मंडळी ऐकायची म्हणजे काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमधल्या रेकॉर्डी किंवा रात्री शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरचा विलिस कॉनोव्हरचा कार्यक्रम. मुंबईत गिटारवाल्यांची एक पिढी त्या खरखरीतून सूर टिपून तयार झाली.

अमान्सिओ डिसिल्वा त्यांतलाच. जन्म १९३६ चा. गिटार तो आपलाआपणच शिकला. मुंबईत आणि बाहेर हॉटेलांत, क्लबांत वाजवत राहिला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचं त्याच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी त्याला गिब्सन गिटार घेऊन दिली. आयातीवर निर्बंध असलेल्या त्या काळात अस्सल अमेरिकन गिब्सन हातात येणं ही गिटारवाल्यासाठी जहागीरच. पुढे त्याने ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ या नावांच्या रचना केल्या. जॅझवाल्याने राजाश्रयाची परतफेड अशी करावी हे मला फार आवडतं.

१९६७ साली तो लंडनला गेला. वेळ मोठी विचित्र होती. बीटल्सच्या नादाने सतार फॅशनमध्ये आली होती आणि कुठल्याही गाण्याला वरून थोडी सतार शिंपडली की ते ‘पूर्वेकडचं’ ठरत होतं. त्यातल्या त्यात गंभीर काम जॉन मेयरचं. हा कलकत्त्याचा अँग्लो-इंडियन, व्हायोलिनवादक आणि रचनाकार. त्याने १९६६ साली जो हॅरियटला बरोबर घेऊन ‘इंडो-जॅझ स्वीट’ केलं: एका बाजूला हॅरियटचे पाच जॅझवाले, दुसऱ्या बाजूला मेयरसह सतार-तबला-तंबोरा. तबल्यावर होते केशव साठे. मुंबईचा हा मराठी माणूस पन्नाशीच्या दशकातच लंडनला गेलेला. १९६७ साली जर्मनीत निघालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ या एलपीतही स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सरच्या त्रयीबरोबर तबला साठ्यांचाच. पुढे जॉन रेनबर्नसारख्या इंग्लिश लोकसंगीतवाल्याच्या संचातही ते बसले. साथीदार म्हणून युरोपच्या इतक्या वेगवेगळ्या बैठकांत बसलेला मराठी तबलजी दुसरा मला आठवत नाही आणि त्यांच्यावर मराठीत एखादं नीट प्रकरणही असू नये, याची मला चीड येते.

लंडनमधल्या या सगळ्या हालचालींमागे एक माणूस होता: डेनिस प्रेस्टन. हॉलंड पार्कमधल्या लॅन्सडाउन स्टुडिओतून तो स्वतःच्या हिमतीवर ध्वनिमुद्रणं करायचा आणि तयार फिती मोठ्या कंपन्यांना द्यायचा. कंपनीच्या साहेबाला विचारावं लागत नसल्याने जोखीम घ्यायची मुभा त्याला होती. डिसिल्वाला त्यानेच हेरलं. आल्या आल्या त्याला दुसऱ्यांच्या संचात बसवलं आणि त्याच दमात त्याच्या नावाची एलपीही काढली.

घानाचा ढोलवादक गाय वॉरन याच्या ‘आफ्रो-जॅझ’मध्ये डिसिल्वा साथीला आहे. पश्चिम आफ्रिकेच्या तालावर गोव्याच्या घरातला गिटारवाला आणि भोवती इंग्लिश जॅझवाले. कागदावर हे सरकारी सांस्कृतिक महोत्सवासारखं वाटतं. पण चांगल्या साथीदाराला देशांची यादी दिसत नाही, समोरच्याचा श्वास ऐकू येतो. १९६९ ची ‘इंटिग्रेशन’ डिसिल्वाच्या स्वतःच्या नावाची. तिच्यात सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, ट्रम्पेटवर इयन कार, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ट्रेव्हर टॉम्किन्स. रेंडेल-कार संच हा त्या वेळी इंग्लंडमधला अव्वल संच. त्यातले चौघे इथे साथीला आले आणि कालपरवा आलेल्या मुंबईकराच्या रचना वाजवू लागले.

‘इंटिग्रेशन’मध्ये सतार नाही, तबलाही नाही. त्या काळात हे धाडसच होतं. लंडनमध्ये हिंदुस्थानी वादकाकडून लोकांना नेमकी सतार हवी होती. डिसिल्वाने आपलं हिंदुस्थानीपण वाक्यरचनेत ठेवलं. एका स्वराभोवती रेंगाळायचं, त्याला खालून स्पर्श करून वर यायचं आणि मग अचानक धावत सुटायचं. मधे तार किंचित ओढून सूर वाकवायचा. हे कानावर पडलं की आपला माणूस वाजवतोय हे कळतं, पण कुठला राग असं विचाराल तर उत्तर मिळणार नाही. राग मांडायचा दावा त्याने केलाच नाही. तो जॅझ वाजवत होता, फक्त त्याला ते आपल्या उच्चारात येत होतं.

नेमक्या याच वेळी मुंबईत काय चाललं होतं ते शेजारी ठेवलं की गंमत कळते. १९६८ साली एचएमव्हीने शंकर-जयकिशनची ‘रागा-जॅझ स्टाइल’ काढली. तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो आणि इलेक्ट्रिक गिटारवर आनिबाल कास्ट्रो आणि दिलीप नाईक. सिनेमाच्या गाण्यांत वर्षानुवर्षं निनावी राहिलेल्या या मंडळींची नावं इथे छापून आली, हेच आधी मोठं. ऐकायला ही एलपी आजही ताजी आहे. पण माझ्या कानाला तिची बैठक दिवाणखान्याची वाटते. सतार यजमान, बाकी सगळे पाहुणे. जॅझवाले आपल्या पाळीला दोन वाक्यं बोलतात आणि अदबीने मागे सरतात. तीन-तीन, चार-चार मिनिटांत राग आटोपायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार? गिटार तर अशी शिस्तीत ठेवली आहे की सिनेमाच्या स्टुडिओतून ती सुटली आहे हे तिला अजून कळलेलं नाही, असं वाटत राहतं.

‘हम दोनो’त उलट आहे. या संचात पियानो नाही. जॅझमध्ये पियानो नसणं म्हणजे घराला तुळई नसण्यासारखं. स्वरसमूहांचा सगळा भार मग एकट्या गिटारवर. हॅरियट पुढे बोलत असताना डिसिल्वा मागून दोन-तीन तारांचे हलके ठोके देत राहतो. इतके मोजके की मोकळी जागा राहावी आणि इतके वेळेवर की पुढच्याने कुठेही उडी घेतली तरी पायाखाली काहीतरी असावं. मग इयन कारचं फ्लुगलहॉर्न, हॅरियटचा सॅक्सोफोन आणि नॉर्मा विन्स्टनचा शब्दांवाचून गाणारा आवाज एकत्र येतात, तेव्हा गिटार त्यांच्यात चौथा गळा होऊन मिसळते. ड्रमवर ब्रायन स्प्रिंग. बासवर पुन्हा डेव्ह ग्रीन. या एलपीत ‘बॅलड फॉर गोवा’ ही संथ रचना आहे. तिच्यात मांडोवीचं वर्णन वगैरे शोधू नये, पण गोव्याच्या मांडो गीतांच्या गतीची आठवण येण्यासारखं काहीतरी तिच्यात हेलकावतं खरं.

हॅरियटबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण ही जोडी उगाच जमली नव्हती. किंग्स्टनच्या अल्फा या कॅथलिक जोगिणींच्या शाळेत तो वाढला आणि तिथल्या बँडमध्ये वाद्य शिकला. गोव्यातली चर्चची शाळा आणि जमैकातली ही शाळा, दोन साम्राज्यांच्या दोन टोकांना. दोन्हीकडे गरीब पोरांच्या हातात युरोपीय वाद्य देऊन परेडची आणि प्रार्थनेची सोय पाहिली गेली आणि दोन्हीकडून जॅझवाले निघाले. १९५१ साली हॅरियट इंग्लंडला आला. दहा वर्षांत त्याने ‘फ्री फॉर्म’सारखी एलपी केली. ठरलेला स्वरसमूह नको, ठरलेला ठेका नको, अशी मोकळी वाजवणी. अमेरिकेत ऑर्नेट कोलमन याच दिशेला वेगळ्या वाटेने चालला होता. जगाने त्याचं नाव घेतलं, हॅरियटचं घेतलं नाही. ‘हम दोनो’ ही त्याच्या शेवटच्या मोठ्या ध्वनिमुद्रणांपैकी एक. १९७३ च्या जानेवारीत, चव्वेचाळीसाव्या वर्षी, साउदॅम्प्टनमध्ये तो वारला तेव्हा हलाखीत होता.

डिसिल्वाचंही भलं झालं म्हणता येणार नाही. १९७१ साली त्याची ‘रिफ्लेक्शन्स’ निघाली. मंद प्रकाशात ऐकायची गोड गिटार, मागे मोठा वाद्यवृंद. काही समीक्षक तिच्याकडे नाक मुरडून पाहतात. मी नाही पाहणार. घर चालवणाऱ्या वादकाला असली कामं करावी लागतात आणि ती तो नीट करतो. मुंबईच्या स्टुडिओत त्याच्या बिरादरीने आयुष्यभर दुसरं काय केलं? १९७२ साली ‘कॉस्मिक आय’ या नावाने ‘ड्रीम सिक्वेन्स’ निघाली. आता मात्र सतार आणि तबला आले: जॉन मेयरचं व्हायोलिन, विराम जसानी, केशव साठे आणि डिसिल्वाची गिटार. दोन्ही बाजूंना एकेक लांबलचक झोका. ‘इंटिग्रेशन’मध्ये टाळलेली वाद्यं इथे घेतली आहेत, पण ती सजावटीला बसवलेली नाहीत. सहा वर्षांपूर्वीच्या मेयरच्या कागदी शिस्तीपेक्षा हा प्रवाह कितीतरी सैल, थोडा भरकटणाराही. मधली काही मिनिटं कंटाळवाणी आहेत, हे मान्य.

त्याच वर्षी लॅन्सडाउनमध्ये आणखी एक ध्वनिमुद्रण झालं. नाव ‘कोकण डान्स’. डॉन रेंडेल, पियानोवर स्टॅन ट्रेसी हा इंग्लिश जॅझमधला मोठा माणूस, सतारीवर क्लेम आल्फर्ड हा इंग्लंडचाच, तबल्यावर पुन्हा साठे. फीत तयार झाली आणि बाजारात आलीच नाही. जॅझचा बाजार तोवर बसला होता. रॉकच्या पुढे असल्या एलपींना दुकानात फळी मिळत नव्हती.

म्हणून मला वाटतं, मुंबईत राहिलेले आणि लंडनला गेलेले, या दोघांच्या नशिबाचे काटे उलटसुलट बसले. मुंबईतल्या गिटारवाल्याला कोट्यवधींनी ऐकलं, जामनेरच्या हॉटेलातल्या रेडिओवरही ऐकलं, आणि त्याचं नाव कुणाला कळलं नाही. डिसिल्वाचं नाव आवरणावर ठळक छापलं गेलं आणि ते वाचायला माणसं मोजकीच होती. एकाला दुसऱ्याचं काय हवं होतं ते उघड आहे. मुंबईच्या चार सिनेवादकांना विचारलं असतं तर त्यांनी बहुधा पगार हाच प्रश्न महत्त्वाचा ठरवला असता आणि त्यांचं चुकलं असंही म्हणता आलं नसतं.

इकडे १९७८ साली निरंजन झवेरींच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. परदेशी नामवंत रंगभवनात येऊन वाजवू लागले, आणि स्टुडिओत दिवस घालवणाऱ्या वादकांना आपल्या मूळच्या संगीतासाठी पुन्हा एक मोठं व्यासपीठ मिळालं. डिसिल्वा तोवर अकरा वर्षं तिकडे होता. १९९६ साली तो गेला. पुढे जुन्या इंग्लिश जॅझचे शौकीन त्याच्या मूळ एलपींना भरमसाट किंमत मोजू लागले. मग पुनर्मुद्रणं निघाली. ‘कोकण डान्स’ २००६ साली पहिल्यांदा बाजारात आली: ध्वनिमुद्रणानंतर चौतीस वर्षांनी, वाजवणाऱ्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. ती आता इंटरनेटवर कुठेही ऐकता येते. ऐकणाऱ्याने सुरुवात ‘हम दोनो’पासून करावी, आणि पहिल्या फेरीत हॅरियटकडे लक्ष न देता फक्त मागची गिटार ऐकावी.